पिकअपचे टायर: विंटर, ऑल-सीझन आणि आपलं नागपूरचं ऊन

थंडीची लाट आली आणि पेपरात फुटाळ्याच्या धुक्याचे फोटो छापून आले की एक प्रश्न हल्ली हमखास कानावर येतो: पिकअपला विंटर टायर टाकायचे का? लोक अमेरिका-कॅनडातल्या पिकअपवाल्यांचे व्हिडिओ पाहून राहिले, तिथं प्रत्येक जण विंटर टायर आणि ऑल-सीझन टायर यावर तावातावानं बोलतो, आणि इकडे संत्र्याची गाडी चालवणाऱ्याला वाटतं आपल्याकडून काही राहून गेलं की काय. त्यात समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या वाचून घरचे लोक घाबरलेले असतात, मग दुकानात जाऊन "चांगला टायर द्या" एवढंच सांगून जो मिळेल तो घेऊन येतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नागपुरात चालणाऱ्या पिकअपला विंटर टायर नको. आणि ऑल-सीझन लिहिलंय म्हणून कोणताही टायर घेऊन टाकायचा, हेही नको. पिकअपला दोनच गोष्टी पाहायच्या, रबर कोणत्या तापमानासाठी बनवलंय आणि टायर किती किलो उचलतो. बाकी सगळं यांच्यानंतर.

रबर तेच, मग फरक कशात?

आपल्या घरचं खोबरेल तेल आठवा. मे महिन्यात पाण्यासारखं वाहतं आणि डिसेंबरात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब निघत नाही. टायरच्या रबराचंही तसंच, फक्त ते गोठत नाही, कडक होत जातं. उन्हाळी रबर साधारण ७ डिग्रीच्या खाली गेलं की हळूहळू लवचिकपणा सोडायला लागतं, रस्त्याच्या बारीक खाचाखोचांमध्ये बसतच नाही, वरून नुसतं घसरतं. हा ७ चा आकडा म्हणजे काही स्विच नाही की ८ ला चालू आणि ६ ला बंद, पण जगभर टायरवाले ढोबळमानानं हाच आकडा धरतात.

विंटर टायर बनवताना रबरात सिलिका आणि इतर गोष्टी अशा मिसळतात की शून्याच्या खालीही ते मऊ राहावं. शिवाय त्याच्या बटनांवर, म्हणजे टायरवरच्या त्या उंच ठोकळ्यांवर, ब्लेडनं चिरल्यासारख्या शेकडो बारीक रेघा असतात, त्या बर्फावर गाडी जाताना किंचित उघडतात आणि कडांनी बर्फ पकडून ठेवतात. खोल नक्षीत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फाला बर्फ चिकटतो म्हणून पकड मिळते. म्हणजे हा टायर एका खास कामासाठीच घडवलेला असतो.

ऑल-सीझन, ऑल-वेदर, एम प्लस एस

ऑल-सीझन म्हणजे मधला मार्ग. उन्हात बऱ्यापैकी टिकतो, पावसात चालतो, थोड्या थंडीत निभावतो. अमेरिकेत नवीन गाडीसोबत बहुतेक वेळा हाच येतो. पण खऱ्या बर्फात, उणे दहा-वीसमध्ये, तो विंटर टायरच्या जवळपासही जात नाही.

गोंधळ होतो तो खुणांमुळे. टायरच्या बाजूवर एम प्लस एस असं छापलेलं असतं, म्हणजे मड आणि स्नो, आणि हे आपल्याकडच्या कितीतरी एसयूव्हीच्या टायरवरही दिसतं. ही खूण नक्षीची रचना पाहून कंपनी स्वतः टाकते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. दुसरी खूण असते तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, ती मात्र चाचणी पास झाल्याशिवाय मिळत नाही, दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. पण ती चाचणीही बर्फावरून गाडी पुढे ढकलण्याची असते, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक मारण्याची नाही. ज्या बारमाही टायरवर ही डोंगराची खूण असते त्याला तिकडे ऑल-वेदर म्हणतात. ऑल-सीझन आणि ऑल-वेदर ऐकायला सारखे वाटतात, पण माल वेगळा आहे.

"नागपुरातही थंडी पडतेच ना?"

पडते. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ डिग्रीवर गेला होता. पण तो पहाटेचा आकडा, आणि नागपूरच्या हिवाळ्यात दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो हे कोणालाच सांगायला नको. रस्त्यावर बर्फ नाही, आणि गाडी काही किलोमीटर चालली की टायर स्वतःच गरम होतो.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४५ च्या पुढे पारा जातो, रस्ता तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि त्यावर विंटर टायरचं मऊ रबर टाकलं तर उंच बटनं डुलायला लागतात, वळणावर गाडी हलकी वाटते, ब्रेक लांब लागतो आणि टायर डोळ्यांदेखत घासला जातो. पैसे जास्त देऊन सुरक्षितता कमी, असा हा सौदा आहे. म्हणून कोणी बाहेरून आणलेले विंटर टायर "स्वस्तात देतो" म्हणत असेल तर नागपूरच्या गाडीसाठी घेऊ नका, कितीही नवे दिसले तरी.

मग आपल्या पिकअपला कोणता?

आपल्याकडे निवड करायची असते ती एचटी, एटी आणि एमटी यांच्यात. एचटी म्हणजे हायवेचा, एटी म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीचा, एमटी म्हणजे निव्वळ चिखल-दगडाचा. व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घेणाऱ्या बहुतेकांना एमटी हवे असतात कारण ते दिसायला जबरदस्त असतात, आणि मग वर्षभर गाडी धरमपेठ ते हिंगणा एमआयडीसी चालते, केबिनमध्ये घोंघाट, डिझेल जास्त आणि पावसात डांबरावर पकड कमी. माझं स्पष्ट मत आहे की शहरात आणि हायवेवर चालणाऱ्या गाडीला एचटीच बरा.

काटोल-नरखेड-वरूडकडच्या बागायतदाराची गोष्ट वेगळी. तिथली काळी माती पावसात अशी चिकटते की नक्षी भरून जाते आणि एचटी टायर गोटा, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेला, असल्यासारखा गरगर फिरत बसतो. तिथं एटी कामाचा, त्याची बटनं मोकळी असतात म्हणून फिरता फिरता माती फेकली जाते. एमटी त्याहून जास्त फेकतो, पण तोच टायर पुढे कळमन्याच्या मंडीपर्यंत डांबर-सिमेंटवर न्यायचा असतो हे लक्षात ठेवा.

टायरच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी लोक पाहतात. गाडीजवळ जा, खाली बसा, टायरच्या बाजूवरची धूळ फडक्यानं पुसा. समजा लिहिलंय २६५/६० आर १८ आणि पुढे ११० टी. २६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, आर म्हणजे रेडियल, १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. इथपर्यंत दुकानदार विचारतो. पुढच्या ११० बद्दल ना तो विचारत ना आपण सांगत.

तो लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन उचलेल त्याचा कोड. ९१ म्हणजे ६१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो, ११० म्हणजे १०६० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. आता १०० चा आणि ११२ चा टायर दुकानात शेजारी ठेवले तर दिसायला जवळजवळ सारखे, भावात फरक, आणि माणूस साहजिकच स्वस्त उचलतो. पण एका टायरमागे ३२० किलो कमी झाले, मागच्या दोन टायरमागे ६४० किलो. पिकअपमध्ये माल डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात असतो म्हणून बहुतेक वजन मागच्याच ॲक्सलवर येतं. दीड टन संत्रा भरला की ते ६४० किलो कुठून आणायचे?

शेवटचं अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. पिकअपला यात सहसा अडचण येत नाही, पुढे जाऊ.

काही टायरवर ११२/११० असे दोन आकडे असतात, पहिला एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाक असेल तेव्हाचा. एलटी लिहिलं असेल तर तो लाइट ट्रकचा टायर, त्याची बाजू जाड असते. ८ पीआर, १० पीआर हे ताकदीचे दर्जे, आतमध्ये खरोखर तेवढे थर असतात असं आता नाही. मालवाहू पिकअपला कारचा टायर साईजमध्ये बसला तरी टाकायचा नाही, हे लिहून ठेवा. कंपनीनं जो लोड इंडेक्स दिलाय तेवढा किंवा त्याहून जास्त चालेल, कमी कधीच नाही.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची ना भाऊ?"

वाडीच्या एका टायर दुकानात एक ड्रायव्हर हवा भरणाऱ्या पोराला सांगत होता, "पाच पॉइंट कमीच भर बे, धूप लागली का फुगते." पोरानं निमूटपणे कमी भरली. मागचे टायर आधीच खाली बसलेले, बाजू पोटासारखी बाहेर आलेली, वर ताडपत्री बांधलेला माल. मी त्या दादांना म्हटलं गाडीच्या दाराशी स्टिकर आहे तो पाहा, तर म्हणाले "आमच्या वस्तादानं असंच शिकवलं." वस्ताद चांगला असेल, पण हा सल्ला जिवावर बेतणारा आहे आणि तो विदर्भभर पसरलाय.

टायर फुटतो तो मुख्यतः आतल्या उष्णतेनं. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दर फेरीला दबतो आणि परत सरळ होतो. हवा कमी असली की तो जास्त दबतो, दबण्या-उठण्यात रबर आतून तापतं, आतले तारांचे पट्टे आणि रबर एकमेकांना सोडायला लागतात, आणि मग एक दिवस अख्खा पट्टा सोलून निघतो. वजन जास्त, वेग जास्त, हवा कमी आणि बाहेर ऊन, हे चारही एकत्र आले की वेळ फार लागत नाही. मृग बहाराचा संत्रा फेब्रुवारी ते एप्रिल निघतो, म्हणजे गाडी भरलेली आणि रस्ता तापलेला, नेमका हाच योग.

याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला साधारण ६५ लाख टायर परत मागवावे लागले, त्यातले बरेच फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीवर होते. टायरमध्ये दोष होतेच, त्यात शिफारस केलेली हवा कमी, म्हणजे २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, आपण पॉइंट म्हणतो ते), आणि अपघात मोठ्या प्रमाणात झाले ते ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया अशा गरम राज्यांत. त्यानंतरच तिकडे प्रत्येक नव्या गाडीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली.

चालून चालून हवेचा दाब वाढतो हे खरं, पण दारावरच्या स्टिकरचा आकडा तो वाढणार हे धरूनच दिलेला असतो. म्हणून दाब थंड टायरवर मोजायचा, सकाळी गाडी काढण्याआधी किंवा तीन-चार तास उभी राहिल्यावर, आणि तापलेल्या टायरमधून हवा सोडायची नाही. दर साडेपाच डिग्रीला कारच्या टायरचा दाब साधारण १ पीएसआयनं बदलतो, जास्त दाबाच्या एलटी टायरमध्ये त्याहून थोडा जास्त. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी बरोबर भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे आपोआप पाच-सहा पॉइंट कमी असतो, कुठंही पंक्चर नसताना. नागपूरच्या थंडीत करायचं काम हे आहे, टायर बदलायचं नाही, हवा तपासायची.

नायट्रोजनचं काय? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नुसता नायट्रोजन भरला तर गळती थोडी हळू होते, ओलावा नसतो, एवढाच फायदा. फुकट मिळत असेल तर भरा, पण तो भरला म्हणून मोजायचं सोडू नका.

"सिमेंटच्या रोडमुळेच टायर फुटतात"

समृद्धी ७०१ किलोमीटरचा, त्यातला नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि लगेच ही चर्चा सुरू झाली. सिमेंटचा पांढरट रंग उन्हात डांबरापेक्षा कमी तापतो, त्यामुळे रस्ता जास्त गरम म्हणून टायर फुटला हे पटत नाही. खडबडीत काँक्रीटवर टायरची झीज जास्त होऊ शकते, तेवढं मान्य. पण खरा फरक असा की जुन्या रस्त्यावर गाव यायचं, गतिरोधक यायचा, चहाला थांबायचं, टायरला श्वास मिळायचा. समृद्धीवर शिवमडक्याहून निघालेला माणूस तासन्‌तास एकाच वेगानं जातो आणि कमी हवेचा, जुना, ओव्हरलोड टायर जो नेहमीच्या रस्त्यावर कसाबसा निभावून न्यायचा तो इथं उघडा पडतो. २०२३ मध्ये आरटीओनं एन्ट्री पॉइंटवर टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली ती याचसाठी. मालवाहू गाडीला तिथं ८० ची मर्यादा आहे, कारसाठीचा १२० चा बोर्ड आपल्यासाठी नाही.

पावसाळ्याचं गणित वेगळं

ऊन झालं, आता जुलै. रस्त्यावर साचलेलं पाणी टायरच्या खाचांतून बाहेर फेकलं गेलं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग अचानक हलकं होतं, ब्रेक लागत नाही. खाचेत बोट घालून पाहा, मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे लागतील. वरचं रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आलं म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानं टायर संपला. पण पावसात पकड त्याच्या बरीच आधी जायला लागते, म्हणून साधारण ३ मिलिमीटर उरल्यावर बदलावा असं मला वाटतं, तोही पावसाळ्याच्या तोंडावर. आणि रिकामी पिकअप पावसात जास्त घसरते, मागं वजनच नसतं, तेव्हा "गाडी रिकामी आहे, दाबा" हे जुलैमध्ये चालत नाही.

विंटर टायर खरोखर कोणाला लागतात?

नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की सरळ श्रीनगर. उन्हाळ्यात लेह-काश्मीरला जाणाऱ्यांना विंटर टायरची गरज नाही, चांगला एटी किंवा एचटी पुरतो. पण २१ डिसेंबरपासून काश्मीरमध्ये चिल्लई कलानचे चाळीस दिवस सुरू होतात, अटल टनेलच्या पलीकडे लाहौलमध्ये रस्ता गोठतो, तिथं आपला टायर म्हणजे दगड. टायरला बांधायची चेन सोबत ठेवा, नाहीतर वरच्या रस्त्यासाठी तिथलीच गाडी आणि तिथलाच ड्रायव्हर घ्या.

"माझी फोर बाय फोर आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी: चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते चांगली, पण थांबताना सगळ्याच गाड्यांना ब्रेक चार चाकांवरच असतो. थांबवतो तो टायर. उलट फोर बाय फोर बर्फात सहज वेग घेते आणि माणसाला रस्ता किती घसरडा आहे ते ब्रेक मारेपर्यंत कळत नाही.

आणि ज्यांची मुलं कॅनडात आहेत आणि तिथं पिकअप घ्यायचं म्हणतात त्यांच्यासाठी. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत, ब्रिटिश कोलंबियात डोंगराळ रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून. अल्बर्टात सक्ती नाही, पण कॅल्गरीची थंडी कायदा पाहून पडत नाही. पोराला सांगा चारही टायर विंटरचे टाक, नुसते मागचे दोन नको, नाहीतर मागं पकड आणि पुढं घसरण, गाडी वळणारच नाही. खूण डोंगर-हिमकणाची पाहा, आणि लोड इंडेक्स तिथंही पाहायचाच, पिकअपला कारचा विंटर टायर चालत नाही. दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च असं वाटतं, पण एक सेट वापरात असताना दुसरा झिजत नाही, त्यामुळे दोन्ही जास्त वर्षं जातात. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली आली की बर्फासाठी तो टायर संपला समजायचं.

दुकानात गेल्यावर

टायर नवा दिसतो म्हणून नवा नसतो. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, समजा २३२४, म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दोन-अडीच वर्षं गोदामात, पत्र्याखाली नागपूरच्या उन्हाळ्यात पडलेला टायर नव्या भावात घेऊ नका, दुसरा काढायला सांगा, दुकानदार कुरकुर करेल पण काढतो. आयएसआयची खूण असलीच पाहिजे. पाच-सहा वर्षं झालेला टायर, कितीही नक्षी उरलेली असो, दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, बाजूवर बारीक भेगा दिसल्या की काढून टाका.

चार नको, दोनच घ्यायचे असतील तर नवे टायर मागच्या चाकांना टाका, कारण मागच्या चाकांची पकड सुटली की गाडी फिरते आणि ती सावरणं साध्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. आणि स्टेपनी एकदा खाली उतरवून पाहा. डाल्याखाली चिखल आणि धूळ खात वर्षानुवर्षं लटकलेली असते, तिच्यावरची तारीख वाचा, तिच्यात हवा किती आहे ते मोजा, आणि तिचा लोड इंडेक्स बाकीच्या चारांएवढा आहे का तेही बघून घ्या.